खेळाची जोखीम कोणाच्या माथीं?

18 ऑगस्ट 1871 रोजीं पॅरिसच्या ट्यूलरी उद्यानांत आल्फोंस पेनो या तरुण फ्रेंच संशोधकानें रबराच्या पिळावर चालणारें एक चिमुकलें विमान उडवून दाखविलें. अकरा सेकंदांत सुमारें 40 मीटर अंतर आक्रमून तें खालीं उतरलें. पाहणाऱ्यांपैकीं एखाद्याच्या डोक्यावर तें पडतें, तरी फार तर हंशा पिकला असता. जेथें इजेचें भय नाहीं तेथें भरपाईचा प्रश्नहि उद्भवत नाहीं. छोट्या विमानांच्या छंदाचा आरंभ असा निर्धास्त होता.

पुढें या छांदिष्टांच्या संस्था निघाल्या. ब्रिटनमध्यें 1922 सालीं 'सोसायटी ऑफ मॉडेल एरोनॉटिकल इंजिनियर्स' स्थापन झाली. तीच आज 'ब्रिटिश मॉडेल फ्लाइंग असोसिएशन' या नांवानें ओळखली जाते. अमेरिकेंत 1936 सालीं 'अ‍ॅकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्स' उदयास आली. स्पर्धा, नियम व विक्रम यांची व्यवस्था या संस्था पाहूं लागल्या. इतक्यांत बिनतारी विद्येनें खेळाचें स्वरूपच पालटलें. मिशिगनमधील वॉल्टर व विल्यम गुड या जुळ्या भावांनीं 1937 सालीं आपलें 'गफ' नांवाचें विमान जमिनीवरून बिनतारी लहरींनीं चालवून दाखविलें. तें विमान पुढें स्मिथसोनियन संग्रहालयांत मानानें ठेवण्यांत आलें. परंतु या यशाला दुसरी बाजू होती. आतां खेळण्याला एंजिन आलें, वजन आलें, वेग आला. आणि या साऱ्याची मदार एका अदृश्य धाग्यावर राहिली. दुसऱ्या कोणाची लहर मध्येंच घुसली, किंवा विद्युद्घट क्षीण झाला, कीं तो धागा तुटे.

अशा विमानानें माणसाचा प्राण जाऊं शकतो, हें 9 डिसेंबर 1979 रोजीं न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्यें सर्वांना दिसलें. फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरांत प्रेक्षकांच्या करमणुकीसाठीं छोटीं विमानें उडविलीं जात होतीं. त्यांतील एक, गवत कापण्याच्या यंत्राच्या आकाराचें, प्रेक्षकांत कोसळलें. एक तरुण मृत्यु पावला व दुसरा जखमी झाला. ते सामना पाहावयास आले होते. विमानाच्या खेळांतील धोका त्यांनीं पत्करलेला नव्हता.

श्रोतेहो, सभासदत्वाच्या प्रश्नाचें मर्म येथेंच आहे. परक्या माणसाला झालेल्या इजेची भरपाई एकट्या छांदिष्टाच्या आवांक्याबाहेरची असते. अनेकांनीं थोडी थोडी वर्गणी देऊन ती जोखीम वांटून घ्यावी, या विचारानें संस्थांच्या सभासदत्वाला तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा जोडला गेला. कायद्याची रीति मात्र देशोदेशीं निराळी. युरोपीय संघानें 2004 सालच्या 785 क्रमांकाच्या नियमानें विमानांना विमा सक्तीचा केला. पण 20 किलोंहून हलक्या प्रतिकृति-विमानांना त्यांतून वगळलें. जर्मनीनें मात्र स्वतःच्या कायद्यानें हलक्या विमानांनाहि सक्ती लागू केली. जेथें सक्ती नाहीं तेथें तिची उणीव संस्थेनें भरून काढावयाची.

मग संस्था निवडतांना काय पाहावें? वर्गणीचा आंकडा शेवटीं पाहावा. प्रथम पाहावें, विम्याचें छत्र कोणावर आहे: केवळ उडविणाऱ्यावर, कीं ज्याच्या शेतांत विमान उडतें त्या जमीनमालकावर व क्लबावरहि? दुसरें, तो विमा स्वतंत्र आहे, कीं दुसऱ्या विम्यानें हात टेकल्यावर मदतीस येणारा आहे? अमेरिकन अ‍ॅकॅडमीच्या सभासदाचा विमा पुष्कळ वर्षें दुसऱ्या प्रकारचा होता. आधीं त्याच्या घराच्या विम्याचें दार ठोठवावें लागे. तिसरें, सुरक्षिततेचे नियम मोडल्यास संरक्षण टिकतें काय? चौथें, परदेशीं स्पर्धेस गेल्यास तें सोबत येतें काय? आणि एक गैरसमज प्रथमच दूर करावा: असा विमा दुसऱ्याच्या हानीसाठीं असतो, आपलें विमान मोडल्यास त्यांतून एक पैहि मिळण्याची आशा धरूं नये.

आपल्या देशांतहि हा विचार कायद्यांत उतरला आहे. 2021 सालच्या ड्रोन नियमांनीं मोटारींच्या तिऱ्हाइत-विम्याचीं कलमें मानवरहित विमानांना लागू केलीं आणि 250 ग्रॅमपर्यंतच्या विमानांना त्यांतून सूट दिली. याच नियमांत विरंगुळ्यासाठीं उडविल्या जाणाऱ्या प्रतिकृति-विमानांची व्याख्याहि आली आहे. ज्या समाजानें रस्त्यावरील पादचाऱ्याचा हक्क मोटारवाल्यावर बसविला, त्यानें आकाशाखालून चालणाऱ्याचा हक्कहि मान्य करावा, हें न्याय्यच झालें.

दीडशें वर्षांपूर्वीं रबराच्या पिळावर उडालेलें खेळणें आतां मोठें झालें आहे. त्याच्यासह खेळणाऱ्याची जबाबदारीहि वाढली आहे. सभासदत्वाची पावती हातीं घेतांना ती आपल्या सोयीचा परवाना नसून, मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला दिलेलें वचन आहे, असें समजावें.