दोन मिलिमीटर

गेल्या रविवारी कपाट आवरताना बाबांचा जुना कॅनन एई-१ हाताला लागला. दणकट बॉडी, शटर अजूनही मस्त वाजतं. पण लेन्सच्या जागी नुसतं भोक. कारण त्याची ५० एमएम लेन्स मी २०१९ मध्ये विकून टाकली, एका नव्या लेन्सचं बिल थोडं कमी व्हावं म्हणून.

आधी कबुली देतो. नोकरी लागल्यापासून मी तीन सिस्टिम्स बदलल्या. कॅनन, मग निकॉन, मग सोनी. दर वेळी आधीचं सगळं मिळेल त्या भावात काढायचं आणि नवं घ्यायचं. फोटो मात्र तेच, सिंहगडाचे आणि चहाच्या ग्लासाचे :-)

तुमच्यातही असे बरेच जण असतील. आपल्याला वाटतं की आपण कॅमेरा बदलतोय. खरं तर आपण एक धातूचं कडं बदलत असतो. लेन्स जिथे बॉडीला बसते ते कडं, म्हणजे माउंट. बॉडी एकटी बदलता येते, पण कडं बदललं की सगळ्या लेन्सेस जातात. कंपन्यांना हे पहिल्यापासून माहीत आहे.

या कड्याचा एक आकडा फार महत्त्वाचा असतो. कड्यापासून फिल्मपर्यंतचं (आता सेन्सरपर्यंतचं) अंतर. लेन्स तेवढ्याच अंतरावर बसली पाहिजे. थोडी पुढे सरकली की जवळचं दिसतं, पण लांबचा डोंगर काही केल्या फोकस होत नाही. म्हणून नव्या बॉडीचं अंतर जुन्यापेक्षा कमी असेल, तर मधे एक पोकळ रिंग घालून जुनी लेन्स चालवता येते. जास्त असेल तर संपलं. रिंग घालायला जागाच नाही.

आता १९५४ साल बघा. लायकाने एम३ कॅमेरा आणला. तोपर्यंत त्यांच्या लेन्सेस आट्याच्या होत्या, बाटलीच्या झाकणासारख्या फिरवून बसवायच्या. नवं माउंट खटकन बसणारं. आट्याच्या कॅमेऱ्यांचं अंतर होतं २८.८ मिलिमीटर, आणि नव्याचं ठेवलं २७.८. बरोब्बर एक मिलिमीटर कमी! तेवढ्या जाडीची एक रिंग लावली की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर. याला म्हणतात बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी. आमच्या कोड रिव्ह्यूमध्ये याचं कौतुक झालं असतं.

मग येतं १९८५. मिनोल्टाने ७००० हे ऑटोफोकस मॉडेल काढलं आणि बाजार हलला. त्यासाठी त्यांनी आपलं १९५८ पासूनचं माउंट सोडून दिलं. कॅननने त्याच वर्षी टी८० काढून जुन्या एफडी माउंटवरच ऑटोफोकस बसवायचा प्रयत्न केला, पण तो काही चालला नाही. शेवटी १९८७ मध्ये त्यांनी ईओएस ६५० आणला, नव्या ईएफ माउंटसकट. मोटर लेन्समध्ये, अ‍ॅपर्चर विजेवर, मधे एकही यांत्रिक दांडी नाही. आणि अंतर? एफडीचं ४२ मिलिमीटर, ईएफचं ४४. दोन मिलिमीटर जास्त!

म्हणजे तोवर विकलेल्या सगळ्या एफडी लेन्सेस एका दिवसात परक्या झाल्या. काच घातलेला एक कन्व्हर्टर त्यांनी काढला होता, पण तो मोठ्या टेलिफोटोंसाठी. आयुष्यभराची कमाई एफडीमध्ये घातलेल्यांना काय वाटलं असेल, विचार करा.

निकॉनने उलट केलं. १९५९ चं एफ माउंट ठेवलं, ऑटोफोकसची मोटर बॉडीत बसवली. ऐकायला छान, पण जुनं सांभाळायची किंमत असतेच. कड्याचा व्यास ४४ मिलिमीटरच राहिला, कॅननचा ५४ झाला. पुढे २००६ च्या डी४० मध्ये मोटरच नव्हती, म्हणजे लेन्स बसायची, पण जुन्या ऑटोफोकस लेन्सचा फोकस हाताने करायचा. नव्वदच्या दशकात क्रिकेटच्या सीमारेषेवर कॅननच्या पांढऱ्या लेन्सेसची रांग दिसू लागली. निर्दयपणे तोडलेलं माउंट जिंकलं, हे मान्य करायलाच हवं. आणि पहिलं पाऊल टाकणारी मिनोल्टा? २००३ मध्ये कोनिकात विलीन झाली, आणि २००६ मध्ये कॅमेऱ्याचा धंदा सोनीकडे गेला.

आता माझ्याकडे येतो. २०१८ मध्ये पहिल्या पगारातून कॅननचा डीएसएलआर घेतला तो बाबांची लेन्स वापरता येईल म्हणूनच. नाव एकच ना! लावायला गेलो तर बसेचना. घरातल्या मुंजी, लग्नं, माझे लहानपणचे सगळे फोटो त्या एका लेन्सने काढलेले. काकांनी दुबईहून आणलेली. पण मला वाटलं, जुना माल, उपयोग काय. वर्षभराने देऊन टाकली. बाबांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "तुला नको असेल तर दे."

गंमत पुढे आहे. आरसा गेल्यामुळे मिररलेस कॅमेऱ्यांत हे अंतर खूप कमी झालं. सोनीचं १८ मिलिमीटर, कॅननच्या २०१८ च्या आरएफचं २०, निकॉन झेडचं १६. म्हणजे माझ्या आजच्या सोनीवर बाबांची लेन्स एका साध्या पोकळ रिंगने बसली असती. काच नको, मोटर नको. सोनीचं हे माउंट तर २०१० पासून बाजारात होतं. मी लेन्स विकली तेव्हाही होतं. मी फक्त आकडा बघितला नाही.

म्हणून एकच सल्ला. बॉडी विकायची तर खुशाल विका, तिची किंमत तशीही रोज उतरत असते. जुनी काच विकण्याआधी मात्र थोडं थांबा. कंपनी तोडते ते तिच्या हिशोबाने, आणि कधी कधी जोडणारी रिंग तीस वर्षांनी येते.

सेकंडहँड एफडी ५० एमएम शोधतोय. काल बाबांना सांगितलं. म्हणाले, "आणलीस तर आधी एई-१ ला लाव. एक रोल भरू." रिंगची ऑर्डर अजून दिलेली नाही.