परसातील कोंबड्यांची पशुवैद्यकीय निगा

परसातील कोंबड्या दिवसा घराभोवती मोकळ्या चरतात आणि रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडल्या जातात. अशा पाच-पंचवीस कोंबड्यांच्या रोगांना आळा घालणे, रोग ओळखणे आणि त्यावर उपचार करणे हा या निगेचा विषय होय. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार भारतातील सुमारे ८५ कोटी कुक्कुटपक्ष्यांपैकी जवळपास ३२ कोटी परसातील होते. इतकी संख्या असूनही पशुवैद्यकाचा हात ज्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचतो, असे हे पशुधन आहे.

यामागचे कारण आर्थिक आहे. एका गावठी कोंबडीच्या किमतीपुढे दवाखान्यापर्यंतचे भाडे आणि बुडालेली मजुरी जड वाटते. त्यामुळे आजारी कोंबडी दवाखान्यात जाण्याऐवजी कापली जाते किंवा बाजारात विकली जाते. दवाखान्याचा वेळही मुख्यतः गाई, म्हशी व शेळ्या यांच्याकडे जातो. मात्र हा हिशेब एका कोंबडीपुरता मांडणे चुकीचे आहे. अंड्या-कोंबड्यांचा पैसा बहुधा घरातील बाईच्या हाती राहतो. साथ आली की खुराडे आठवड्याभरात रिकामे होते आणि तिचे भांडवल बुडते.

अशी मर आणणारा मुख्य रोग म्हणजे राणीखेत, बोलीभाषेत मानमोडी. हा विषाणुजन्य रोग १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे आढळला. पुढे लवकरच तो कुमाऊँमधील राणीखेत येथे दिसला आणि भारतात त्याला त्या गावाचे नाव मिळाले. कोंबडी चोच उघडून धापा टाकते, हिरवट पातळ विष्ठा टाकते, पंख व पाय लुळे पडतात आणि मान पिळवटते. अंडी घटतात, कवच पातळ होते. लस न टोचलेल्या कळपात तीव्र साथीत जवळजवळ सर्व पक्षी दगावू शकतात. या रोगावर औषध नाही. साथ सुरू झाल्यावर घाईने कोंबड्या विकणे आणि मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर टाकणे या दोन सवयींमुळे रोग पुढच्या गावात पोहोचतो. मेलेले पक्षी खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे लागतात.

प्रतिबंधक लस मात्र जुनी आणि खात्रीची आहे. पिलांना पहिल्या आठवड्यात लासोटा किंवा एफ या सौम्य लसीचा एक थेंब डोळ्यात वा नाकपुडीत देतात आणि साधारण चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा देतात. आठव्या आठवड्याच्या सुमारास मुक्तेश्वर येथे विकसित झालेली आर२बी ही लस टोचतात. ही लस तुलनेने तीव्र असल्याने लहान पिलांना दिल्यास ती आजारी पडतात किंवा मरतात. लस फक्त निरोगी पक्ष्यांना द्यावी आणि तिच्या एक आठवडा आधी जंतनाशक पाजावे.

खरी अडचण कुपीची आहे. एका कुपीत साधारणतः १०० मात्रा असतात. ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागते आणि विरघळवल्यावर एक-दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांच्या मालकाने ती एकट्याने आणणे परवडत नाही. म्हणून परसातील कुक्कुटपालनात लसीकरण घराघराने नव्हे, तर वाडीवस्तीने एका दिवशी झाले पाहिजे. तेही पहाटे, खुराडी उघडण्यापूर्वी किंवा दिवेलागणीनंतर, कारण उन्हात पांगलेल्या कोंबड्या हाती लागत नाहीत. पाण्यातून लस पाजण्याची मोठ्या फार्मची पद्धत येथे फारशी उपयोगी नाही, कारण मोकळी कोंबडी कुठलेही पाणी पिते. उष्णता सहन करणारी आय-२ लस ऑस्ट्रेलियात तयार झाली आणि आफ्रिकेतील खेड्यांत शीतपेटीची अडचण तिने बरीच कमी केली.

देवी या रोगात तुऱ्यावर व डोळ्यांभोवती खपल्या येतात. डास हा रोग पसरवतात. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पंखाच्या पडद्यात लस टोचून त्याला अटकाव होतो. मरेक रोगाची लस पिलू अंड्यातून बाहेर पडताच उबवणी केंद्रातच देतात. त्यामुळे खुडूक कोंबडीखाली निघालेल्या पिलांना ती मिळत नाही आणि दोन-चार महिन्यांच्या तलंगा पाय पसरून लुळ्या पडतात. पिलांच्या विष्ठेत रक्त दिसल्यास रक्ती हगवणीचा, म्हणजे कॉक्सिडिओसिसचा संशय घ्यावा. तो खुराड्यातील दमट, साचलेल्या लिटरवर (विष्ठामिश्रित तुसावर) वाढतो आणि वेळीच औषध दिल्यास बरा होतो. उवा, गोचीड व जंत यांनी पक्षी एकदम मरत नाही, पण वजन आणि अंडी हळूहळू घटतात. हेच नुकसान सर्वांत कमी मोजले जाते.

बर्ड फ्लू हा सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न आहे. भारतात एच५एन१ विषाणूचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे झाला आणि त्यानंतर जळगाव जिल्ह्यात परसातील कोंबड्यांमध्येही हा रोग आढळला. राणीखेत आणि बर्ड फ्लू यांची लक्षणे डोळ्यांनी वेगळी ओळखता येत नाहीत. यासाठी प्रयोगशाळा हवी. बर्ड फ्लूची अंतिम खात्री भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अधिसूचित रोगाचा संशय आल्यास ते कळवणे मालकाला बंधनकारक आहे.

औषधांच्या दुकानातून अंदाजाने प्रतिजैविके आणणे घातक आहे. विषाणुजन्य रोगावर ती चालत नाहीत, त्यांचे अंश अंड्यांत व मांसात उतरतात आणि जीवाणू औषधाला दाद देईनासे होतात. याच कारणाने कोलिस्टिन या प्रतिजैविकाचा अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांतील वापर भारत सरकारने २०१९ मध्ये बंद केला.

एका दिवसात दोन-तीन पक्षी मरणे, मान वाकडी होणे, श्वास घरघरणे किंवा तुरा निळसर पडणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी पशुधन पर्यवेक्षकाला कळवावे. ताजा मृत पक्षी पिशवीत बांधून बर्फावर ठेवल्यास शवविच्छेदनातून निदान होऊ शकते. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक आहे.