हौसेचा हिशेब

आज आधी एका बाईची ओळख करून देतो.

उंची वीतभर, अंग हस्तिदंताचं. मनगटापासून कोपरापर्यंत बांगड्याच बांगड्या. पायातले वाळे घोट्यापासून वर पोटरीवर चढत गेलेले. गळ्यात माळा, कमरेला मेखला. दोन्ही बाजूंना दोन मुली शृंगाराचं सामान घेऊन उभ्या. तांड्यावरच्या एखाद्या जुन्या बंजारा आजीचे भरलेले हात आठवा, म्हणजे ही बाई डोळ्यांसमोर येईल. 1938 साली ती सापडली इटलीतल्या पॉम्पेई गावात. हे गाव इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं होतं. आता गंमत ऐका. आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला खोदकाम झालं, तिथं अशाच घडणीच्या हस्तिदंती मूर्तीचा तुकडा निघाला. धाराशिवकडच्या तेरलाही तशीच मूर्ती मिळाली. म्हणून काही अभ्यासक म्हणतात, पॉम्पेईची बाई मूळची या भागातली असावी.

आपल्याकडं बाईला कसली आवड असली की लगेच म्हणतात, नसते नाद. कुणी रेशमी धाग्याच्या बांगड्या करतं, कुणी खणाच्या तुकड्यांची पिशवी शिवतं, कुणी आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर भरून ठेवतं, कुणाला गोधडीत ठिगळांचे मोर काढल्याशिवाय चैन पडत नाही. गटागटांत सध्या हेच चाललंय. आणि घरोघरी उत्तर एकच: हौसेला मोल नसतं. आम्ही म्हटलं, बघू तरी, आपल्या जिल्ह्यात हौसेला मोल होतं की नव्हतं.

पैठणपासून सुरुवात करू. सातवाहनांच्या काळात त्याचं नाव प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्यानं समुद्रावरच्या व्यापाराची माहिती लिहून ठेवली आहे. त्यात पैठणचं नाव आहे आणि तेरचंही. पैठणहून रंगीत दगड, म्हणजे अकीकासारखे मण्यांचे दगड, आणि तेरहून साधं कापड आणि तलम मलमल गाड्यांत भरून भडोच बंदराकडं जायची. भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तेर आणखी दहा दिवस पुढं. बैलगाडीनं महिनाभर, मग जहाजानं समुद्रापार. एवढा खटाटोप कशासाठी? तर परक्या मुलखातल्या कुणाला तरी गळ्यात लाल मणी हवा होता.

आता अजिंठ्याला चला. तिथं आम्ही बायकांची एक सहल नेली होती. गाईड बुद्धाच्या जन्मकथा सांगत होता आणि आमच्या बायका बघत होत्या अंबाडे. खोटं कशाला सांगा! 17 नंबरच्या लेण्यात एक राणी हातात आरसा धरून उभी आहे, भोवती दासी. ती काही देवी नाही, फक्त नटते आहे, आणि पंधराशे वर्षं नटतेच आहे. भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांची वस्त्रं आहेत, हंसाच्या नक्षीचं कापड आहे, केसांत मोती आणि फुलं गुंफण्याचे इतके प्रकार आहेत की पार्लरवालीनं वही घेऊन बसावं.

पहिल्या लेण्यात महाजनक राजाची गोष्ट आहे. राजाला संसार सोडायचा आहे. राणी सीवली त्याला अडकवण्यासाठी नाचगाणं मांडते. मधोमध लांब बाह्यांचा पोशाख घातलेली नर्तकी, आणि वाजवणाऱ्या सगळ्या बायका. दोघी बासरीवर, कुणी तालवाद्यावर, कुणी झांजा घेऊन. राजा जायचा तो जातोच. चित्रकाराचा हात मात्र त्या बायकांपाशी चांगलाच रेंगाळलेला दिसतो. अॅना पावलोव्हा नावाच्या प्रसिद्ध रशियन नर्तकीनं 1923 साली लंडनला अजिंठ्याच्या चित्रांवरून बॅले नाच बसवला होता.

त्या भिंतींचं कामही आपल्या ओळखीचं आहे. मातीत साळीचा भुसा, गवताचे तंतू कालवून लिंपण केलेलं, त्यावर चुन्याचा पातळ हात, मग रंग. तांबडा, पिवळा इथल्याच मातीतला. निळा मात्र लाजवर्द दगडाचा, तो यायचा पार अफगाणिस्तानातून. 16 नंबरचं लेणं वाकाटक राजा हरिषेणाचा प्रधान वराहदेव यानं करवलं, हे तिथं दगडात कोरून ठेवलंय. लिंपण कुणी केलं, भुसा कुणी चाळला, ते कोरायचं कुणाला सुचलं नाही.

पुढं 1327 साली महंमद तुघलकानं राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. तिच्याबरोबर विणकरही आले आणि त्यांच्यामुळं हिमरू इथं रुजला, असं सांगतात. हिमरू हे मोठं हुशार कापड. सोन्याच्या जरीचा किनखाप राजवाड्यात चालायचा. हिमरूत ताणा सुती आणि नक्षी रेशमाची, दिसायला किनखापासारखाच. म्हणजे श्रीमंतासारखं नटायची हौस जरा कमी पैशात. आज शहरात हिमरूची शाल सगळीकडं दिसते, पण ती बहुतेक यंत्रावरची. हातमाग मोजकेच उरलेत.

पैठणीचं काय झालं? माधवराव पेशव्यांना पैठणच्या आसावली नक्षीच्या दुपट्ट्यांची आवड होती, ते रंग सांगून मागवत. राजे गेले, गिऱ्हाईक गेलं, पैठणातले माग कमी होत गेले आणि आज पैठणी म्हटलं की येवल्याचं नाव आधी येतं. 2010 साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. एका साडीला महिना लागतो, पदर भरलेला असेल तर वर्षही जातं. बांगडी मोराच्या पदरात एकेका रंगाची कांडी वेगळी फिरवावी लागते, आणि त्या कांड्या भरायच्या घरातल्या बाईनं, स्वयंपाक आवरून. मजुरी मिळते ती साडीची, म्हणजे माग चालवणाऱ्याच्या नावावर. कांड्यांचा दर वेगळा कोण मांडतो? 2019-20 च्या हातमाग गणनेत देशातल्या हातमाग कामगारांत सुमारे 72 टक्के बायका निघाल्या. तरी विणकर म्हटलं की आपल्याही डोळ्यांसमोर पुरुषच येतो.

हा सगळा इतिहास आम्ही उकरला, त्याला कारण आमचं कर्जाचं रजिस्टर. त्यात कारणाचा रकाना असतो. शेळी, बियाणं, आजारपण, फी. एका ताईनं धागा-मण्यांसाठी 4000 रुपये मागितले आणि बैठकीत दोन तट पडले. शेवटी रकान्यात 'कच्चा माल' लिहिलं आणि दिले. खरी भानगड पुढं निघाली. तिनं बांगड्यांचा जोड 100 रुपयांना विकला. सामान 60 चं. "चाळीस सुटले की," ती खुशीत. मग एका आजीनं विचारलं, बाई, दुपारी किती गेल्या? दोन. दोन दुपारी निंदणीला गेली असती तर काय मिळालं असतं, ते सगळ्यांनाच तोंडपाठ होतं. कुणी काही बोललं नाही. आता गटात नियम केलाय: प्रत्येक वस्तूमागं सामान एका ओळीत, तास दुसऱ्या ओळीत, आणि तासाला निंदणीचा दर. किंमत फारच चढते म्हणून निम्म्या जणी कुरकुरतात. गिऱ्हाईकही घासाघीस करतं. काही वस्तू या दरानं विकल्याच जात नाहीत, त्या आम्ही विकायच्या बंद केल्या. घरी वापरायला करतो.

पैठणी घ्यायची असेल तर एक करा. पदर उलटा करा. हातमागावरच्या अस्सल पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा आपल्याच जागेत वळून शेजारच्या धाग्यात अडकवलेला असतो. यंत्रावरच्या पदराच्या मागं लोंबते किंवा कातरलेले धागे दिसतात. दुकानदार म्हणेल, "ताई, उलटं काय बघता?" बघायचं. तिथंच कांड्या भरणारीचं काम असतं.