ब्रिजचा हंबकर : कोणीच न निवडलेला आवाज

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुण मित्राने विचारलं, "सर, ब्लूज रॉक वाजवायचंय, ब्रिजला कुठला हंबकर बसवू?" पैसे साठवून ठेवलेत बिचाऱ्याने. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू. गंमत अशी की ज्या आवाजासाठी एवढी शोधाशोध चालते, त्यासाठी मुळात कोणी पिकअप निवडलाच नव्हता.

1955 साली अमेरिकेत, मिशिगनमधल्या कॅलमाझूला, गिब्सनच्या कारखान्यात सेथ लव्हर एक कटकट मिटवत होता. एका कॉइलच्या पिकअपमध्ये दिव्यांची, ट्रान्सफॉर्मरची घरघर शिरायची. त्याने दोन कॉइल शेजारी ठेवल्या. एकीचे वेढे उलटे, चुंबकाचं टोकही उलटं. बाहेरची घरघर दोघींत विरुद्ध येते आणि एकमेकींना मारते. तारेचा आवाज मात्र दोघींत जुळतो, त्याची बेरीज होते. लव्हरला घरघर घालवायची होती, बस. आवाज भरदार झाला, तो वरकमाईत.

पेटंट मिळालं 1959 मध्ये. पण त्याआधी आणि त्यानंतरही काही काळ खाली 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी असायची, म्हणून नाव पडलं पी.ए.एफ. पुढे चिठ्ठीवर क्रमांक छापला, तो चक्क तारा अडकवायच्या टेलपीसच्या पेटंटचा!

आता नीट ऐका. 1957 पासून लेस पॉल गिटारवर हे पिकअप बसू लागले, पण नेकचा वेगळा आणि ब्रिजचा वेगळा असं काही नव्हतंच. एका कॉइलला साधारण 5000 वेढे, पण मोजणी काटेकोर नाही. त्यामुळे कुठला पिकअप 7 किलोओहमचा, तर कुठला 9 चा. चुंबकही अल्निकोच्या वेगवेगळ्या प्रतींचे. ब्रिजजवळ तार कमी हलते, आवाज बारीक आणि धारदार येतो. जिथे योगायोगाने जास्त वेढ्यांचा पिकअप ब्रिजला गेला, ती गिटार जास्त भरून बोलली. नशीब, दुसरं काय!

या गिटारी फारशा खपल्या नाहीत. 1960 च्या सुमारास तो आकारच बंद झाला. मग 1966 मध्ये लंडनला एरिक क्लॅप्टनने जुनी लेस पॉल मार्शल ॲम्पला जोडून, ॲम्प चढवून, जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्सबरोबर रेकॉर्ड केली. फाटलेला आवाज ॲम्पच्या व्हॉल्व्हमधून येत होता. पिकअपने फक्त बोटांचा जोर पुढे पोचवला. आणि तीच गिटार त्याच वर्षी चोरीला गेली! म्हणजे ज्या पिकअपची नक्कल सगळे शोधतात, तो आज मोजायला हातात नाही.

1970 च्या दशकात डिमार्झिओचा सुपर डिस्टॉर्शन आला. भरपूर वेढे, सिरॅमिक चुंबक. हार्ड रॉकला झकास. पण माझ्या कानाला त्यात हळू आणि जोरात यातला फरक दबतो, आणि ब्लूजचा जीव तिथेच आहे.

तर मित्रा, 8 किलोओहमच्या आसपासचा बघ. जरा धार हवी तर अल्निको 5, मऊ हवा तर 2. ओहमचा आकडा म्हणजे ताकद नव्हे हं. तार बारीक घेतली तरी तो वाढतो. आणि आधी स्क्रू ड्रायव्हर घे. ब्रिजचा पिकअप तारांजवळ आण, नेकचा थोडा खाली कर, व्हॉल्यूमचं बटण 7 वर ठेवून आठवडाभर वाजव. मग पाकिटाला हात घाल.