भिंतीवरची थाळी आणि रात्रीची स्पिडोला

लहानपणी आमच्या घरी शॉर्टवेव्हवर रेडिओ सिलोन शोधताना सुई मध्येच कुठेतरी जायची आणि करवत चालल्यासारखी घरघर सुरू व्हायची. रेडिओ बिघडला, असं समजून आम्ही त्याला दोन थापटा मारायचो. त्यातली काही घरघर मुद्दाम केलेली असे, हे मला फार उशिरा, सोव्हिएत इतिहास वाचताना कळलं. एका देशाचं सरकार आपल्याच नागरिकांच्या कानांत ती ओतत होतं. तिचा एखादा थेंब आपल्यापर्यंतही येत असणार.

महायुद्धानंतरच्या सोव्हिएत घरात रेडिओ दोन तऱ्हेचा असे. पहिला भिंतीवरचा. वीज येते तशी तारेनं घरात येणारी ही वाणी. तारेच्या टोकाला काळ्या कागदाचा गोल कर्णा, लोक त्याला ‘थाळी’ म्हणत. तिला स्टेशन बदलायचा कान नव्हताच. आवाज कमी-जास्त करा, एवढीच मुभा. सकाळी सहाला राष्ट्रगीतानं सुरू आणि मध्यरात्री राष्ट्रगीतानंच बंद. त्या गीतात स्टॅलिनचं नाव होतं. स्टॅलिनवर टीका सुरू झाल्यावर ते गाणार कसं? म्हणून १९७७ मध्ये नवे शब्द येईपर्यंत वीसेक वर्षं नुसती चालच वाजत राहिली. कोट्यवधी लोक रोज शब्द गाळलेलं राष्ट्रगीत ऐकत दात घासत होते!

पण थाळीला हसण्याआधी थोडं थांबायला हवं. जून १९४१ मध्ये जर्मन फौजा आत घुसल्या तेव्हा सरकारनं खासगी रेडिओ जमा करून घेतले; उरली ती थाळी. वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडमध्ये कार्यक्रम नसताना तिच्यावर मेट्रोनोमची टिकटिक चाले. शहर अजून जिवंत आहे, याची ती खूण. ९ मे १९४५ ला युरी लेव्हितानच्या आवाजात विजयाची वार्ता आली, आणि ६ मार्च १९५३ च्या पहाटे त्याच आवाजात स्टॅलिन गेल्याची. अशा यंत्रावर माणसांचा जीव जडला तर नवल नाही.

दुसरा रेडिओ लाटांवरचा, आणि खरी गंमत तिथे आहे. देश अफाट, सगळीकडे तारा नेणं अवघड. म्हणून सरकारनंच शॉर्टवेव्हचे संच बनवून विकले. १९६० च्या सुमारास रिगामधल्या व्हीईएफ कारखान्यातून हातात घेऊन फिरता येईल असा ‘स्पिडोला’ हा ट्रान्झिस्टर बाहेर पडला. लाटव्हियन महाकाव्यातल्या चेटकिणीचं हे नाव. नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसलं होतं की काय, कोण जाणे!

कारण मॉस्को ऐकायला घेतलेल्या संचावर लंडनही लागत होतं. बीबीसीची रशियन सेवा १९४६ मध्ये आणि व्हॉइस ऑफ अमेरिकाची १९४७ मध्ये सुरू झाली होती. रेडिओ लिबर्टी १९५३ च्या मार्चमध्ये, स्टॅलिनच्या मृत्यूआधी चारच दिवस. ही स्टेशनं काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. लिबर्टीचा पैसा १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत गुपचूप सीआयएकडून येत होता. तरी लोक ऐकत.

सरकारचा उतारा म्हणजे ती घरघर. १९४८ पासून त्याच लहरींवर गोंगाट सोडला जाऊ लागला. देशात विकायच्या संचांवर २५ मीटरखालचे पट्टेच ठेवत नसत. परदेशी पाठवायच्या संचांवर मात्र ते असत. मग हातात कसब असलेला एखादा मेकॅनिक पैसे घेऊन ते पट्टे बसवून देई. गोंगाटाची यंत्रं शहरांत होती आणि त्यांचा जोर गावाबाहेर ओसरे. त्यामुळे सुट्टीत बागेतल्या छोट्या घरी जाताना लोक स्पिडोला बरोबर नेत. शहरात स्वयंपाकघर. सामायिक घरांत चूलसुद्धा शेजाऱ्यांबरोबर वाटून घ्यावी लागे, तिथे कसलं ऐकणं! ख्रुश्चेव्हच्या काळात स्वतंत्र फ्लॅट मिळू लागले, आणि दार लावून आवाज बारीक करण्याची सोय झाली.

मला सर्वांत बोलकी वाटते ती या घरघरीची ये-जा. १९६३ मध्ये बीबीसी आणि व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा गोंगाट थांबला. २१ ऑगस्ट १९६८ ला रणगाडे प्रागमध्ये शिरले आणि तो पुन्हा सुरू झाला. १९७३ मध्ये थांबला. १९८० मध्ये पोलंडचे कामगार संपावर गेले, पुन्हा सुरू. लिबर्टीवर तर तो १९८८ पर्यंत चालूच होता. म्हणजे एकही शब्द ऐकू आला नाही तरी ऐकणाऱ्याला कळत असे, की कुठेतरी काहीतरी घडलंय. बातमी दाबणारा आवाजच बातमी देत होता.

२६ एप्रिल १९८६ ला चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली. सोव्हिएत दूरदर्शननं २८ तारखेच्या संध्याकाळी चार-पाच वाक्यांत ते सांगितलं. १ मे रोजी कीव्हमध्ये लहान मुलांसह मिरवणूक निघाली. परदेशी रेडिओ ऐकणारे काही जण मुलांना घरात ठेवू शकले. थाळीवर विसंबलेल्यांना ती संधी मिळाली नाही.

तेव्हा पक्षाचे सरचिटणीस होते गोर्बाचेव्ह. १९८७ मध्ये त्यांच्याच काळात बीबीसीवरचा गोंगाट बंद झाला. ऑगस्ट १९९१ मध्ये बंडवाल्यांनी त्यांना क्रिमियात फोरोसच्या बंगल्यात कोंडलं, टेलिफोन तोडले. मॉस्कोत काय चाललंय, राष्ट्राध्यक्षाला कळायला मार्ग नव्हता. बरोबरच्या लोकांनी नोकरांच्या खोल्यांतून जुने रेडिओ शोधून काढले आणि त्यांना एरियल जोडली. सुटून आल्यावर पत्रकार परिषदेत गोर्बाचेव्हनी सांगितलं, की सगळ्यांत स्पष्ट बीबीसी लागत होतं.