परागाचा शिधा

कार्ल्याच्या लेण्यांपुढें उभें राहिलें कीं इंद्रायणीच्या खोऱ्यापलीकडे लोहगड आणि विसापूर दिसतात. गडांचा इतिहास वाचतांना आपण तट आणि तोफा मोजतों; पण शत्रु दूर असतांना शिबंदी काय खाऊन राहिली, हें सहसा विचारीत नाहीं. आज हाच प्रश्न, डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या एका शिबंदीविषयीं विचारावयाचा आहे.

मावळांत तळेगांवच्या परिसरांत हरितगृहांतून गुलाब पिकतो आणि परदेशींहि जातो. त्याचा मोठा वैरी म्हणजे लाल कोळी. अर्ध्या मिलिमीटरचा हा जीव पानाखालीं राहून रस शोषतो. औषध फवारावें, तर कांहीं पिढ्यांत तो त्यास दाद देईनासा होतो; मरतो तो त्याचा शत्रु, भक्षक कोळी.

१९५८ सालीं जर्मनींत, चिलीहून आलेल्या ऑर्किडच्या रोपांवर, डॉसे यांना असा एक भक्षक कोळी आढळला. फायटोसियुलस पर्सिमिलिस हें त्याचें नांव. पुढील दशकांत युरोपांतील काचगृहांतून त्यानें लाल कोळ्याचा फडशा पाडला. पण त्याच्या विजयांतच त्याचें मरण होतें. लाल कोळी संपला कीं तो उपाशी मरे, आणि वैरी परत आला तर पहाऱ्यावर कोणी नसे.

यांतून वाट दाखविणारा कॅलिफोर्नियांतील प्रयोग १९६४ सालीं प्रसिद्ध झाला. मॅकमर्ट्री आणि स्क्रिव्हन यांनीं दुसऱ्या जातीच्या भक्षक कोळ्यास पराग खाऊं घातला. तो नुसता जगला नाहीं. त्यावर वाढला आणि त्यानें अंडींहि घातलीं. म्हणजे शत्रु नसतांनाहि शिबंदी पोसतां येते! पुढें एरंड, मका आणि पाणकणीस यांचे पराग या कामीं वापरण्यांत आले. सर्वच जाती मात्र परागावर राहत नाहींत. पर्सिमिलिस राहत नाहीं. लाल कोळ्यावर तुटून पडणारा निओसियुलस कॅलिफोर्निकस तग धरूं शकतो.

गुलाबाच्या बाबतींत हें विशेष महत्त्वाचें आहे. तो उमलण्यापूर्वींच कापला जातो; त्यामुळें फुलांनीं भरलेल्या त्या घरांत परागाचा दुष्काळ असतो. तेथें बाहेरून भुरभुरलेला पराग कोठाराचें काम करूं शकतो. मात्र पराग फुलकिड्यांनाहि आवडतो. म्हणून पिकावर दुसरी कीड कोणती, हें आधीं पाहावें लागतें.

तळ्याकाठच्या चिखलांतील पाणकणसाकडे आपण निरुपयोगी तण म्हणून पाहतों. त्याच्या शेंड्यावरील पिवळी धूळ ही एखाद्या शिबंदीचा शिधा असूं शकते, एवढें ध्यानांत ठेवावें. गड नुसत्या शूरांनीं राखला जात नाहीं. त्यांना दोन वेळां जेवूं घालावें लागतें.