साथीच्या पेटीची निवड : एक ऐतिहासिक विचार

जालना जिल्ह्यातील एखाद्या भजनी मंडळाने किंवा वाद्यवृंदाने आज मिडी कीबोर्ड घ्यावयाचे मनात आणले, म्हणजे त्यातून किती वाद्यांचे आवाज निघतात, हा प्रश्न प्रथम विचारला जातो. महाराष्ट्रातील पट्टीवाद्यांचा इतिहास पाहता हा क्रम उलटा आहे, असे म्हणावे लागते. आपल्याकडे साथीचे वाद्य नादमाधुर्यापेक्षा प्रयोगाच्या गरजेवरून निवडले गेले, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

हार्मोनियमचे पेटंट देबँ याने पॅरिस येथे १८४२ साली घेतले. मूळ वाद्याचा भाता पायाने चालत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांच्यासारख्या कारागिरांनी त्यास हाताचा भाता बसविला आणि ते बैठकीचे वाद्य झाले. हातपेटीने एक हात भात्यात गुंतला. पण वाद्य उचलून गावोगाव नेता येऊ लागले. जेथे मोठा व अखंड नाद हवा होता त्या रंगभूमीने मात्र पायाने चालणारा ऑर्गन स्वीकारला, कारण त्यात दोन्ही हात मोकळे राहतात.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘संगीत शाकुंतल’ रंगभूमीवर आले, तेव्हापासून गायक नटापुढे एक निश्चित अडचण उभी राहिली. संवाद संपताक्षणी त्याला आपला षड्ज सापडला पाहिजे आणि पात्रागणिक तो बदलतो. सारंगीच्या तरफा दर वेळी नव्याने जुळवाव्या लागतात. पेटीवर केवळ पट्टी बदलावी लागते. ख्यातनाम पेटीवादक गोविंदराव टेंबे यांनी १९११ साली ‘मानापमान’चे संगीत दिले आणि १९१३ साली ते गंधर्व नाटक मंडळीचे एक संस्थापक झाले, ही गोष्ट या दृष्टीने सूचक होय. मराठी गायक आजही आपला स्वर ‘काळी एक’, ‘पांढरी चार’ असा पट्टीनेच सांगतो.

या सोयीचे मोलही द्यावे लागले. पेटीवर मींड निघत नाही. शिवाय सप्तकाचे बाराशे भाग कल्पिले, तर तिचा शुद्ध गांधार ५:४ या गुणोत्तराच्या स्वयंभू गांधाराहून सुमारे १४ भाग चढा असतो. देवल व क्लेमंट्स यांनी श्रुति-हार्मोनियम सिद्ध केली, ती हाच दोष घालविण्यासाठी. १९४० साली तर नभोवाणीने पेटीच वर्ज्य केली. ही बंदी १९७१पासून टप्प्याटप्प्याने शिथिल झाली. तथापि मधल्या तीन दशकांत मंदिरांतून, बैठकींतून वा नाट्यगृहांतून पेटी हटली नाही. नभोवाणीच्या कक्षात सारंगिया बोलावता येत असे. गावच्या कीर्तनकाराला ती सोय नव्हती.

१९८३ साली मिडीचा संकेत प्रचारात आला. मुख्य कीबोर्ड स्वतः नाद काढीत नाही. कोणती पट्टी, किती जोराने दाबली, एवढेच तो दुसऱ्या यंत्रास कळवितो. म्हणून आवाजांची संख्या हा त्याचा गुणच नव्हे. इतिहासाच्या कसोट्या लावल्या, तर प्रश्न वेगळे निघतात. षड्ज एका कळीने बदलतो काय? भात्याचा दाब कमीजास्त करून पेटीवादक जो चढउतार साधतो, तो पायाच्या पट्टीने साधता येतो काय? स्वर वाकविण्याचे चाक मींडेस पुरेसे आहे काय? जोडलेले ध्वनियंत्र गांधार उतरवू देते काय? हातपेटीचा विस्तार बहुधा तीन-साडेतीन सप्तकांचा असतो. त्यामुळे केवळ साथीसाठी ४९ पट्ट्या पुरतात, ६१ पट्ट्या दोन हातांनी निरनिराळे नाद वाजविणाऱ्यास लागतात.

पेटीचे दोन जुने दोष या यंत्राने दूर होऊ शकतात; परंतु विजेवाचून चालणे, हा तिचा गुण त्याच्यापाशी नाही. वीज गेल्यावर गायकाचा षड्ज कोण सांभाळणार, याचे उत्तर ज्या मांडणीत नाही, ती साथीची मांडणी अपुरीच मानली पाहिजे.